पुढचा महाकोलायडर: ऊर्जेच्या आकड्याआधी जोखमीचा हिशेब

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने आपल्या पुढच्या कोलायडरचा, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा, व्यवहार्यता अहवाल ३१ मार्च २०२५ रोजी प्रसिद्ध केला. ९०.७ किलोमीटर परिघाचा बोगदा, सरासरी २०० मीटर खोली, जमिनीवर आठ ठिकाणी विहिरी आणि इमारती, चार प्रयोगांसाठी भूमिगत दालने. खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक, आपल्या हिशेबात दीड लाख कोटी रुपयांच्या वर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात युरोपीय रणनीती गटाने हाच प्रकल्प, फ्युचर सर्क्युलर कोलायडर, पहिल्या पसंतीचा म्हणून सुचवला. तो बांधायचा की नाही, हे सदस्य देशांनी २०२८ च्या सुमारास ठरवायचे आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, दरवर्षी वर्गणी भरतो. त्यामुळे हा वाद आपल्यालाही समजून घ्यायला हवा.

या वादात दोन सूर मोठ्याने ऐकू येतात. एक म्हणतो, विश्वाचे मूलभूत ज्ञान मिळवताना खर्चाकडे पाहू नये. दुसरा म्हणतो, नवा कण सापडेल याची हमी नसताना एवढा पैसा जमिनीत कशाला पुरायचा? दोघेही यंत्राबद्दल फारसे बोलत नाहीत. माझे म्हणणे असे, की पुढचे यंत्र निवडताना 'ऊर्जा किती' याआधी 'यातले काय काय आजवर कोणी चालवून दाखवले आहे' हे विचारावे. या कसोटीवर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारी जोडीदार) यांची टक्कर घडवणारे वर्तुळाकार यंत्र उतरते. त्याच बोगद्यात पुढे बसवायचे म्हणून सांगितले जाणारे प्रोटॉनचे यंत्र आज उतरत नाही. पहिल्याला मंजुरी द्यावी, मात्र ती त्याच्या स्वतःच्या गुणांवर द्यावी. दुसऱ्याचे आश्वासन त्याला जोडून विकू नये.

हे यंत्र हवे कशासाठी? ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉन, म्हणजे मूलकणांना वस्तुमान मिळण्याशी जोडलेला कण, सापडल्याचे जाहीर झाले, तो प्रोटॉनांच्या टकरींत. प्रोटॉन म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑन या आणखी लहान कणांची गर्दी. त्यातल्या कोणत्या दोघांची टक्कर झाली आणि किती ऊर्जेने झाली, हे नेमके कळत नाही. एका हिग्जमागे शे-दीडशे कोटी दुसऱ्याच टकरी होतात आणि त्यांतून त्याला वेचून काढावे लागते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन हे मूलकण असल्यामुळे टकरीची ऊर्जा आधीच ठाऊक असते. २४० जीईव्हीला, म्हणजे २४० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला, त्यांच्यातून हिग्ज आणि झेड बोसॉन हा दुसरा जड कण जोडीने निघतात. झेड ओळखून त्याची ऊर्जा आणि संवेग मोजला, की वजाबाकीने हिग्ज मिळतो. तो पुढे कशात विघटित झाला, अगदी अदृश्य कणांत विघटित झाला, तरी मोजणीतून सुटत नाही. प्रोटॉनच्या यंत्रात ही सोय नाही. सर्नच्या एलएचसी या चालू प्रोटॉन यंत्राच्या वाढीव आवृत्तीत, म्हणजे हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसीमध्ये, हिग्जचे इतर कणांशी असलेले नाते काही टक्क्यांच्या अचूकतेने कळेल. नव्या यंत्रात वीस लाखांहून अधिक हिग्ज मिळतील आणि त्यातली काही नाती टक्क्याच्या दशांशापर्यंत पोचतील. १९८९ ते २००० या काळात चाललेल्या एलईपी या जुन्या यंत्रावरच्या चार प्रयोगांनी मिळून सुमारे १ कोटी ७० लाख झेड बोसॉन नोंदवले. नव्या यंत्राचा बेत सहा लाख कोटींचा आहे. नवा कण सापडेल की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही आणि तसे सांगूही नये. पण ही मोजमापे होतील एवढे ठामपणे सांगता येते, आणि मंजुरी मागण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

आता वर्तुळ एवढे मोठे का, ते पाहू. विद्युतभार असलेला कण वळवला की तो प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा गमावतो. ही गळती ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढते आणि त्रिज्या वाढली की त्या प्रमाणात कमी होते. २७ किलोमीटरच्या बोगद्यात एलईपीची शलाका, म्हणजे कणांचा झोत, शेवटी १०४ जीईव्हीच्या थोडी वर पोचली. तेव्हा प्रत्येक इलेक्ट्रॉन दर फेरीला सुमारे ३.४ जीईव्ही गमावत होता आणि सेकंदाला अकरा हजारांहून अधिक फेऱ्या मारत होता. ही सगळी ऊर्जा त्याला रेडिओलहरींच्या कॅव्हिटींतून, म्हणजे धातूच्या पोकळ कक्षांतून, परत द्यावी लागते. नव्या बोगद्याची वळणाची त्रिज्या दहा किलोमीटरच्या आसपास असल्याने १२० जीईव्हीच्या शलाकेची गळती दर फेरीला दोन जीईव्हीच्या आत राहते. टॉप क्वार्क या सर्वांत जड मूलकणासाठी १८२.५ जीईव्हीवर गेलो, की मात्र तीच दहाच्या घरात जाते. म्हणून आराखड्यात गळतीची मर्यादाच आधी बांधून घेतली आहे: प्रत्येक शलाकेला ५० मेगावॅट, दोन्ही मिळून १०० मेगावॅट, अखंड. ऊर्जा वाढवायची तर या मर्यादेत राहण्यासाठी शलाकेतले इलेक्ट्रॉन कमी करायचे. रेडिओलहरी निर्माण करणारे क्लिस्ट्रॉन विजेचा सगळा अंश शलाकेपर्यंत पोचवत नाहीत. त्यामुळे मीटरवरचा आकडा याहून बराच मोठा असतो. सर्न आज यंत्र चालू असलेल्या वर्षात सुमारे १३० कोटी युनिट वीज वापरते. नव्या यंत्राची गरज त्याच पंक्तीतली आहे, टॉप क्वार्कच्या टप्प्यात त्याहून जास्त. क्लिस्ट्रॉनची कार्यक्षमता ऐंशी टक्क्यांकडे नेण्याचे काम म्हणूनच दुय्यम समजू नये. पंधरा-वीस वर्षांच्या वीजबिलात त्याचा फरक दिसतो.

या यंत्राचे बहुतेक भाग ओळखीचे आहेत. साधे, कमी क्षेत्राचे वळण-चुंबक आहेत. नायोबियमच्या कॅव्हिटी आहेत. टकरींमुळे शलाका काही मिनिटांतच विरळ होते, म्हणून त्याच बोगद्यात दुसरे वर्तुळ बसवून सतत भर घालत राहण्याची योजना आहे. हे तंत्रही जगात रोज वापरात आहे. खरी परीक्षा टक्करबिंदूपाशी आहे. तिथे शलाका मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्यांत मोजावी इतकी चपटी दाबायची असते.

त्या परीक्षेची रंगीत तालीम जपानमध्ये त्सुकुबा इथे चालू आहे. सुपरकेईकेबी हे तीन किलोमीटरचे यंत्र याच पद्धतीने चालते: अतिशय दाबलेली शलाका, तिरकी टक्कर, सततची भर. त्याचे उद्दिष्ट दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला ६ गुणिले १० चा ३५ वा घात एवढ्या तेजस्वितेचे, म्हणजे टकरी घडवण्याच्या क्षमतेचे, आहे. २०२४ च्या डिसेंबरात त्याने ५.१ गुणिले १० चा ३४ वा घात गाठला. हा जागतिक विक्रम आहे, तरी उद्दिष्टाच्या बाराव्या हिश्श्याइतकाच. अडले कुठे? शलाका किती दाबली ते सांगणारे एक माप (तिची प्रत्यक्ष जाडी नव्हे) ०.३ मिलिमीटरपर्यंत आणायचे होते. प्रत्यक्षात १ मिलिमीटरच्या आसपासच यंत्र स्थिर चालते. त्याहून दाबले की शलाका एकमेकींना फुगवतात आणि आयुष्य घटते. दुसरी अडचण तर कोणाच्या आराखड्यातच नव्हती. एक-दोन फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यांत, शलाकेचा मोठा भाग एकाएकी नाहीसा व्हायचा आणि वाटेतले, शलाकेच्या कडा छाटणारे कोलिमेटर जळून निघायचे. संशयाची सुई अनेक ठिकाणी फिरल्यावर एक मोठे कारण निर्वात नळीच्या जोडांपाशी सापडले: गळती थांबवण्यासाठी लावलेल्या पुट्टीसारख्या द्रव्याचे कण. तो चुरा शलाकेत पडत होता. त्या जागा साफ केल्यावर प्रकार कमी झाले.

सर्नच्या नियोजनकारांनी या प्रकरणातून जे शिकायला हवे, ते मला अजून पुरेसे ठळक दिसत नाही. नव्या यंत्राला हिग्जच्या टप्प्यात जी तेजस्विता हवी आहे, ती सुपरकेईकेबीने गाठलेल्या आकड्याच्या शेजारची आहे. झेडच्या टप्प्यात हवी असलेली त्याच्या वीसपटीहून अधिक आहे. तरीही प्रसिद्ध वेळापत्रकात झेडचा टप्पा पहिला धरला आहे. आता कॅव्हिटींची रचना अशी केली आहे, की क्रम बदलता येतो. तो बदलावा. ज्या कामासाठी जनतेकडे पैसे मागितले ते काम, म्हणजे हिग्ज, आधी करावे. ते करता करता यंत्राचे स्वभाव कळतील आणि मग झेडसाठी शलाकेतला प्रवाह टप्प्याटप्प्याने चढवावा. आणि सुरुवातीच्या वर्षांचे वेळापत्रक उद्दिष्टाच्या अर्ध्या तेजस्वितेवर आखावे. पहिल्या तीन वर्षांत निम्मे मिळाले तरी आजवरच्या यंत्रांकडे पाहता ते चांगलेच म्हणावे लागेल.

प्रोटॉनच्या यंत्राची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रकाशाची गळती फार कमी असते. अडचण असते ती जड, वेगवान प्रोटॉनला वळवण्याची. हिशेब सोपा आहे: चुंबकीय क्षेत्र टेस्लामध्ये, वळणाची त्रिज्या किलोमीटरमध्ये, दोन्हींच्या गुणाकाराला ०.३ ने गुणले की ऊर्जा टीईव्हीमध्ये मिळते. टीईव्ही म्हणजे लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. एलएचसीत ८.३३ टेस्ला आणि २.८ किलोमीटर, उत्तर सात. नव्या बोगद्यात १४ टेस्ला आणि दहा किलोमीटर धरले तर प्रत्येक शलाका सुमारे ४२ टीईव्ही आणि टक्कर ८५ टीईव्हीच्या आसपास. कागदावर हे चोख बसते. पण १४ टेस्लाचे, पूर्ण लांबीचे, हजारोंच्या संख्येने बनवता येणारे चुंबक आज जगात कोणाकडे नाहीत.

एलएचसीचे १२३२ मुख्य चुंबक नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे आहेत. ही तार वळते, वाकते, कारागिराला साथ देते. तिची धाव नऊ टेस्लाच्या आसपास संपते, तीही १.९ केल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या दोन अंशांच्या आत. त्यापुढे नायोबियम-टिन हवे. हे संयुग ठिसूळ असते. म्हणून आधी तांबे, नायोबियम आणि टिन वेगवेगळे असलेल्या तारेचे वेटोळे वळायचे, मग ते भट्टीत ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. हे तापमान चढवणे, रोखणे आणि उतरवणे यात दिवसच्या दिवस जातात. आत संयुग तयार झाले की वेटोळ्याला जोर लावता येत नाही. त्यात इपॉक्सी भरून ते घट्ट करतात, पोलादी कवचात दाबून बसवतात, मग थंड करतात. थंड होताना तांबे, इपॉक्सी, पोलाद प्रत्येक जण वेगवेगळ्या मापाने आकसतो. कुठे ताण जास्त झाला, की आतले धागे तडकतात आणि त्या जागी अतिसंवाहकता, म्हणजे विरोधाविना वीज वाहण्याचा गुण, जाते.

हा धोका पुस्तकी नाही. हाय-ल्युमिनॉसिटी प्रकल्पासाठी सर्नने ११ टेस्लाचे काही द्विध्रुव, म्हणजे शलाका वळवणारे, चुंबक बनवले. पहिल्या चाचण्यांत ते ठीक होते. पण पुन्हा तापवून पुन्हा थंड केल्यावर त्यांची क्षमता घसरली आणि ते बोगद्यात बसवण्याचा बेत सोडून द्यावा लागला. मोजके चुंबक, जगातली सर्वोत्तम कार्यशाळा, तरीही असे झाले. उलट बाजूही सांगायला हवी: त्याच द्रव्याचे, टक्करबिंदूजवळ शलाका दाबणारे चतुर्ध्रुव चुंबक अमेरिकेत आणि सर्नमध्ये तयार झाले आहेत आणि चाचण्यांत टिकले आहेत. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेने एक मीटरच्या आसपास लांबीच्या नमुन्यात १४.५ टेस्लाही गाठले. म्हणजे वाट बंद नाही. एक मीटरचा नमुना आणि पंधरा मीटरचा, कारखान्यातून ओळीने निघणारा चुंबक यांत मात्र अंतर आहे आणि ते पैशापेक्षा वेळेने भरून निघते. माझ्या मते अट अशी असावी: पूर्ण लांबीचे किमान दहा चुंबक, दोन वेगळ्या उद्योगांनी बनवलेले, प्रत्येकी अनेकदा तापवून-थंड करून तपासलेले. हे होईपर्यंत प्रोटॉन यंत्राची तारीख कोणत्याही सरकारी कागदावर छापू नये. त्या संशोधनाचा निधी मात्र आजच, बोगद्याच्या खर्चापासून अलग काढून ठेवावा. बोगद्याचा खर्च वाढला की पहिली कात्री याच निधीला लागते.

लहानशा सांध्याची किंमत किती असते, हे १९ सप्टेंबर २००८ रोजी दिसले. एलएचसी सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. एका विभागात चुंबकांतला विद्युतप्रवाह वाढवत ८७०० अँपिअरपर्यंत नेला होता. दोन चुंबकांमधल्या एका जोडात झाळकाम नीट उतरले नव्हते. जिथे विरोध ओहमच्या अब्जाव्या हिश्श्याहूनही कमी असायला हवा, तिथे तो सुमारे २२० अब्जांश ओहम होता. प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध केला, तर उष्णता निघते जेमतेम सतरा वॅट, घरातल्या एका एलईडी दिव्याएवढी. १.९ केल्विनला तेवढी पुरली. जोड तापला, तुटला, ठिणगीने हेलियमच्या नळीला भोक पाडले, सुमारे सहा टन हेलियम निर्वात कवचात फुटून आला. कवचाच्या झडपा एवढ्या लोंढ्यासाठी पुरेशा नव्हत्या. दाबाने कित्येक टनांचे चुंबक जागचे हलले. ५३ चुंबक वर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला चौदा महिने गेले. त्यानंतरही ते निम्म्या ऊर्जेवर चालवले गेले. २०१३-१४ मध्ये दहा हजारांहून अधिक जोड उघडून पक्के केल्यावर ती वाढवता आली. आजही यंत्र १३.६ टीईव्हीवर चालते, आराखड्यातल्या १४ वर नाही.

यातून निघणारी गोष्ट नियोजनाची आहे. जोड तपासण्याची पद्धत, झडपांचे माप, प्रत्येक सांध्याच्या विरोधाची सतत नोंद, ही कामे वेळापत्रक घसरले की सर्वांत आधी कापली जातात, कारण ती न केल्याने उद्घाटन अडत नाही. पुढच्या यंत्राच्या करारात तपासणीचे दिवस वेगळ्या ओळीत लिहावेत आणि ते कमी करण्याचा अधिकार प्रकल्पप्रमुखांकडे ठेवू नये.

पैशाचा विषय निघाला की अमेरिकेतल्या सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडरची आठवण निघतेच. टेक्सासमध्ये वॅक्सहाची गावाजवळ ८७ किलोमीटरचे वर्तुळ, प्रत्येक शलाका २० टीईव्ही. १९८७ मध्ये ४.४ अब्ज डॉलरचा अंदाज होता. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने तो रद्द केला, तेव्हा अंदाज ११ अब्जांच्या पुढे गेला होता, दोन अब्ज खर्च झाले होते आणि २२ किलोमीटरहून अधिक बोगदा खणून झाला होता. 'नेत्यांना विज्ञान कळत नाही' असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही. फर्मीलॅबमध्ये तयार यंत्रे, इमारती आणि माणसे असताना सगळे कोऱ्या जागेवर नव्याने उभारायचे ठरले. मंजुरीनंतर लक्षात आले, की चुंबकाच्या मधली चार सेंटिमीटरची नळी शलाकेला अपुरी पडेल. ती पाच सेंटिमीटर केली, शलाका आत सोडण्याची ऊर्जा एकवरून दोन टीईव्ही केली आणि किंमत उडाली. परदेशी पैसा गृहीत धरला होता, तो आला नाही.

सर्नचा प्रस्ताव यातल्या पहिल्या चुकीपासून दूर आहे. यंत्रशाळा, वीज, माणसे आणि बोगद्याचा अनुभव तिथेच आहे. तिसऱ्या चुकीच्या मात्र तो जवळ आहे. सर्नचे वार्षिक अंदाजपत्रक सव्वा अब्ज फ्रँकच्या आसपास असते. त्यातून वर्षानुवर्षे बाजूला काढून मोठा हिस्सा उभा राहील, पण सगळा नाही. सर्वांत मोठी वर्गणी भरणाऱ्या जर्मनीच्या सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले, की वाढीव पैसे देणे त्यांना परवडणारे नाही. म्हणून पूर्ण निधीची लेखी हमी हातात येईपर्यंत खोदाईचे कंत्राट देऊ नये. अर्धवट यंत्र पडून राहते आणि त्यावर गंज चढतो. अर्धवट बोगद्याचा तर काहीच उपयोग नसतो.

खर्चात सर्वांत मोठा वाटा स्थापत्यकामाचाच आहे. वर्तुळाची जागा ठरवताना मोलास या मऊ पण एकसंध खडकात जास्तीत जास्त राहायचे आणि चुनखडीचे डोंगर टाळायचे, हा निर्णय अनुभवातून आला. एलईपीचा बोगदा ज्युरा डोंगराच्या चुनखडीत शिरला तेव्हा पाण्याने काम अडवले होते. सीएमएस या प्रयोगाची विहीर खणताना पाणी धरणारे थर लागले, तेव्हा भोवतालची जमीन खाऱ्या द्रवाने आणि मग द्रव नायट्रोजनने गोठवून आत भिंत बांधावी लागली. नव्या बोगद्यातून लाखो घनमीटर राडारोडा निघेल. तो कोणत्या रस्त्याने जाणार आणि कुठे पडणार, हा फ्रान्समधल्या आयँ आणि ओत-साव्वा या भागांतल्या गावकऱ्यांचा रोजचा प्रश्न असेल. स्थानिकांना उशिरा विचारले की काय होते, हे भारताने न्यूट्रिनो वेधशाळेच्या बाबतीत पाहिले. आधी नीलगिरीतली जागा वन्यजीवांच्या कारणाने सोडावी लागली. मग थेनी जिल्ह्यातल्या डोंगराला २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण स्थानिक आणि राज्य पातळीवरच्या विरोधात काम अडले.

पर्यायांचे काय? सरळ रेषेतल्या यंत्राला, म्हणजे जपानमधल्या कितागामीसाठी आखलेल्या आयएलसीला, माझा जुना आदर आहे. तिथे प्रकाशाची गळती नसते, सुरुवातीचा खर्च कमी असतो आणि लांबी वाढवून ऊर्जा वाढवता येते. त्याच्या कॅव्हिटींचे तंत्र हॅम्बर्गच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण यंत्रामध्ये ७६८ कॅव्हिटींवर २०१७ पासून चालू आहे. पण २०१३ मध्ये आराखडा पूर्ण होऊनही जपान सरकारने यजमानपदाचा शब्द दिलेला नाही, आणि त्यात एकच टक्करबिंदू असल्याने दोन स्वतंत्र प्रयोगांनी एकमेकांची पडताळणी करण्याची सोय अवघड होते. वर्तुळाकार प्रकल्पाला निधी जमला नाही तर सर्नने हाच मार्ग धरावा. चीनचे शंभर किलोमीटरचे सीईपीसी तंत्रदृष्ट्या सर्नच्या प्रस्तावाचे भावंड आहे. २०२३ अखेर त्याचा तांत्रिक आराखडा ३६.४ अब्ज युआनच्या अंदाजासह आला, पण पंचवार्षिक योजनेत त्याला जागा मिळाली नाही. दोन देशांनी दोन सारखी वर्तुळे खणणे ही उधळपट्टी ठरेल. म्युऑन कोलायडर ही या क्षेत्रातली सर्वांत सुंदर कल्पना आहे. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, म्हणून गळती नगण्य, वर्तुळ लहान. पण जागेवर थांबलेला म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदच जगतो. तेवढ्यात विखुरलेला थवा गोळा करून आवळायचा. इंग्लंडमधल्या माइस प्रयोगाने आवळण्याची एक पायरी २०२० मध्ये दाखवली. लागतात त्या अनेक, एकापुढे एक. त्याला संशोधनाचा भरघोस पैसा द्यावा, बांधणीची तारीख देऊ नये.

माणसांचा प्रश्न मला खर्चाइतकाच मोठा वाटतो. चालू यंत्र २०४१ च्या अखेरीस थांबायचे आहे, नवे २०४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होईल. एलएचसीची पहिली चर्चा १९८४ मध्ये लोझानला झाली, मंजुरी १९९४ मध्ये आणि शलाका २००८ मध्ये. चुंबक वळणारा तंत्रज्ञ, शलाका चालवणारा अभियंता ही माणसे पुस्तकातून घडत नाहीत, ती चालू यंत्रावर घडतात. मधल्या वर्षांत लहान प्रयोग आणि सुपरकेईकेबीसारखी यंत्रे यांचे निधी कापले, तर बोगदा तयार होईल तेव्हा त्यात उतरणारे हात नसतील.

आता भारताचे. एलएचसीत आपला वाटा हातात धरून दाखवता येतो. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या पुढाकाराने देशात बनलेले सात हजारांहून अधिक जॅक आज त्या चुंबकांचा भार पेलून मिलिमीटरच्या अंशाइतकी अचूक जुळणी राखतात. सतराशेहून अधिक अतिसंवाहक सुधारक चुंबक इथून गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सीएमएसच्या बाहेरच्या कॅलरीमापकात, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागात, सहभाग घेतला. चुंबकांच्या शीत चाचण्यांना अणुऊर्जा विभागाचे अभियंते पाळीपाळीने सर्नमध्ये राहिले. या सगळ्याचे मोल वर्गणीच्या रकमेपेक्षा मोठे आहे. तेव्हा आपण काय बनवायचे ते आधी ठरवले होते. या वेळी तसा निर्णय अजून दिसत नाही.

माझी सूचना नायोबियमच्या कॅव्हिटींची आहे. दिल्लीचे आंतरविद्यापीठ केंद्र, इंदूर, ट्रॉम्बे आणि कोलकाता यांनी स्वतःच्या यंत्रांसाठी आणि फर्मीलॅबच्या पीआयपी-२ या नव्या प्रवेगकासाठी हे काम केले आहे. टाटा संस्था आणि भाभा केंद्राचे कुलाब्यातले पेलेट्रॉन-लिनॅक वर्षानुवर्षे अतिसंवाहक कॅव्हिटींवर चालते. काम कसे असते ते पाहा. अतिशुद्ध नायोबियमचा सुमारे २.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा साच्यात दाबून अर्धी वाटी काढायची. वाट्या निर्वातात इलेक्ट्रॉन शलाकेने जोडायच्या. आतला शंभर-दीडशे मायक्रॉनचा थर रसायनाने उतरवायचा. ८०० अंशांना तापवून धातूत शिरलेला हायड्रोजन घालवायचा. मग शंभर बारच्या दाबाने अतिशुद्ध पाण्याने धुऊन, शल्यगृहापेक्षा स्वच्छ खोलीत जुळवणी करायची आणि २ केल्विनला चाचणी घ्यायची. जोडावर एक खळगा राहिला तर तिथून उष्णता पसरून कॅव्हिटी अतिसंवाहक राहत नाही. धुळीचा एक कण राहिला तर त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि क्षेत्र चढतच नाही. हायड्रोजन राहिला आणि थंड करताना शंभर केल्विनच्या आसपास वेळ गेला, तर पृष्ठभाग खराब होतो. प्रयोगशाळेत निवडक माणसांनी एक उत्तम कॅव्हिटी बनवणे आपल्याला जमते. आठवड्याला दोन, सलग तीन वर्षे, नव्वद टक्के पहिल्याच चाचणीत उतरणाऱ्या, हे आपण अजून केलेले नाही. सर्नला नेमके तेच लागणार आहे.

त्यासाठी वीसेक कॅव्हिटींची पूर्वमालिका भारतीय उद्योगाकडून करून घ्यावी. प्रयोगशाळेने पत्रा विकत घेऊन, तपासून, उद्योगाला पुरवावा. एलएचसीच्या चुंबकांची अतिसंवाहक तार सर्नने अशीच स्वतः घेऊन तिन्ही उत्पादकांना दिली होती, त्यामुळे दोष कोणाचा यावर भांडणे झाली नाहीत. प्रत्येक कॅव्हिटीची चाचणी इथे आणि सर्नमध्ये, दोन्हीकडे व्हावी आणि आकडे उघडे ठेवावेत. अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभाग यांनी हा खर्च वर्गणीतून वेगळा, पाच वर्षांसाठी एकदाच मंजूर करावा. दरवर्षीच्या फेरमंजुरीत स्वच्छ खोलीतली प्रशिक्षित माणसे टिकत नाहीत. २०२८ च्या निर्णयाआधी निकाल हातात हवे असतील, तर इलेक्ट्रॉन-शलाका जोडयंत्राचा वेळ आणि नायोबियमचा पत्रा यांची मागणी याच अंदाजपत्रकात नोंदवायला हवी. एवढ्या शुद्धतेचा पत्रा बनवणारे उद्योग जगात मोजके आहेत, आणि बोगद्याला मंजुरी मिळताच त्यांच्या दारात सगळेच रांग लावतील.